चांद्याचा कान

सारा भिंगारदिवेला कुणी ‘नाही’ म्हटलं की ती मान डोलवायची, पदर खोचायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन उभी राहायची. नगरच्या मुलींच्या शाळेत ती शास्त्र शिकवी. लहानपणापासून बोर्डिंगात वाढलेली, त्यामुळे शेणामातीचा वास तिला सुट्टीपुरताच. पण बेडूक कापायला बसली की दोन वेळचं जेवण विसरायची. लग्नाचं नाव काढलं की वडलांना म्हणायची, “आधी मंडळात जाऊ द्या मला.”

हे मंडळ म्हणजे नगरचं जीवशास्त्र मंडळ. चार डॉक्टर, दोन ढोरडॉक्टर आणि काही शास्त्रशिक्षक, एवढीच मंडळी. दर रविवारी जमायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे आणि वाद घालायचे. गुरांच्या रोगांवरच्या लशी आपल्याकडच्या जनावरांना कितपत लागू पडतात, याचा अभ्यास त्यांनी चालवला होता, आणि मे महिन्यात ते लस टोचण्याचा नि तपासणीचा वर्ग घेत. त्या वर्गात बाई नव्हती. असावी असं कुणाला वाटलंही नव्हतं.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सारा मंडळाचे अध्यक्ष काकासाहेब यांच्या दारात तिसऱ्यांदा उभी राहिली. काकासाहेब निवृत्त ढोरडॉक्टर. माणूस वाईट नव्हता, पण कटकट नको असलेला होता.

“साराबाई, वर्गातलं शिकणं सोपं. खेड्यात जाऊन शेतकऱ्याच्या बैलाला सुई लावणं अवघड. तिथं आमचीच डाळ शिजत नाही.”

“माझी शिजली तर?”

काकासाहेबांनी सुटकेचा मार्ग शोधला. “एक वाडी, अख्खी, बुळकांडीची लस टोचून दाखवा. मग मंडळात तुमची खुर्ची.”

बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी. तोंडाला फोड, हगवण, आणि आठवडा संपायच्या आत दावण रिकामी. साराने वाडी निवडली ती घोडेगावाजवळची बोरीची वाडी. घोडेगावच्या बाजारात सगळ्या मुलखाची गुरं येतात, तशी रोगराईही येते. म्हणून लस तिथेच हवी, हा तिचा हिशेब. शिवाय वडाळ्याला तिचे वडील आमोस राहायचे, तिथून वाडी पायी जाण्याजोगी होती. सुई धरायला एका ढोरडॉक्टराने तिला आधीच शिकवलं होतं.

लशीसाठी बर्फ घातलेला थर्मास घेऊन ती सर्व्हिस मोटारीने उतरली आणि पहिल्यांदा गोजरबाईच्या ओट्यावर बसली. गोजरबाई विधवा, रानात एकटी राबणारी, जिभेने तिखट. तिच्याकडे एकच बैल, कपाळावर पांढरा ठिपका असलेला चांद्या. शेजारच्या गोरक्षकडेही एकच. दोघांची सावड होती: याचा बैल, तिचा बैल, एक जोड, आळीपाळीने दोघांची शेतं. सारा ओट्यावरून हलेना तेव्हा गोजरबाई शेवटी म्हणाली, “टोच बाई. न्हाईतर माझ्याच वट्यावर पावसाळा काढशील तू.”

वाडी जमली. साराने चांद्याला नीट सुई लावली. नंतर मंडळाच्या नियमाप्रमाणे, टोचलेलं जनावर पुढे ओळखू यावं म्हणून, डाव्या कानाला कात्रीने छोटा त्रिकोणी काप घेतला.

गोरक्षने आपल्या बैलाचं दावं सोडलं आणि तो मुकाट घराकडे निघाला. त्याच्यामागे बाकीचेही.

“काय झालं?” साराने विचारलं.

गोजरबाईचा चेहरा पांढरा पडला होता. “कान कापलास व्हय गं? देवाला सोडलेल्या जनावराचा कान कापत्यात आमच्यात. आता ह्याला जू कोन लावल?”

साराला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिच्या आज्यानेच ख्रिस्ती होऊन देव बदलला होता, आणि नवसाचा बैल तिने कधी पाहिला नव्हता. ज्यांनी नियम केला ते शहरगावचे. त्यांना कानाची जागा सोयीची वाटली, एवढंच. पण कात्री तिच्या हातात होती.

गोरक्षने सावड मोडली. “देवाच्या बैलाबरबर माझा बैल न्हाई जुपायचा. पाप लागंल,” एवढं बोलून त्याने पाठ फिरवली. पेरणी तोंडावर, आणि गोजरबाईचं शेत उघडं.

दुसरी कुणी असती तर मोटार धरून नगरला गेली असती. सारा वडाळ्याला चालत गेली आणि बापासमोर उभी राहिली.

“बाबा, आपला राजा बैल गोजरबाईला द्या. चांद्या आपण घेऊ. आपल्याला तो जुंपायला कसलं पाप?”

आमोस मुळात शांत माणूस, पण राजाला त्यांनी वासरापासून हाताने वाढवलं होतं. “कान कापायच्या आदी मला इचारायचं तरी! शिकलीस लई, पन इचारायचं शिकली न्हाईस.”

“नाही शिकले. चुकले. पण त्या बाईचं शेत पडीक पाडून मी मंडळात खुर्चीवर बसू?”

आमोस बराच वेळ राजाच्या वशिंडावर हात फिरवत राहिले. मग त्यांनी दावं सोडून तिच्या हातात दिलं आणि घरात गेले. ते जेवले नाहीत त्या दिवशी.

राजाला हवाली करण्याआधी टोचावं म्हणून साराने खूप विनवलं. कान कापणार नाही म्हणाली. गोजरबाई हात जोडून म्हणाली, “नगं माय. तुझी सुई बी नगं. लोकांनी पुन्ना सावड मोडली तर मी कुटं जाऊ?” राजा आणि गोरक्षचा बैल जोडीला लागले, पेरणी झाली. सारा रिकाम्या हाताने नगरला परतली. तरी तिने मंडळाकडे नियम बदलून मागितला आणि तडीस नेला. आता कानाऐवजी शिंगावर डाग द्यायचा.

पोळा जवळ आला आणि घोडेगावच्या बाजारातून बुळकांडी निघाली. सगळ्यांत आधी राजा बसला. मग गोरक्षचा बैल. पोळ्याला जी शिंगं रंगवायची, त्या शिंगांची जनावरं वाडीने ओढून गावाबाहेर पुरली. वडाळ्यातही रोग शिरला. आमोसनी रागाच्या भरात टोचू न दिलेला, राजाच्या जोडीचा बैल गेला. त्याच्या शेजारी बांधलेला चांद्या मात्र कडबा खात उभा.

राजा गेल्याचं सांगायला गोजरबाई स्वतः वडाळ्याला आली. शिव्या खायची तयारी करूनच आली होती. आमोसनी ऐकलं, डोळे पुसले, आणि तिला पाणी दिलं.

“बैल सांभाळता आला न्हाई मला, दादा.”

“तुमच्या हातात काय हुतं? ह्यो तुमचा चांद्या बगा. घिऊन जायचा तर न्या.”

गोजरबाई चांद्याजवळ गेली. त्याचं तोंड उघडून जीभ पाहिली, नाकपुड्या पाहिल्या, आणि मग तो कापलेला कान दोन्ही हातांत धरून मोठमोठ्याने रडली. रडून झाल्यावर म्हणाली, “तुमची दावन रिकामी झाली, हितंच ऱ्हाऊ द्या त्याला. पोरीला सांगावा धाडा.”

रविवारी सारा थर्मास घेऊन उतरली, बरोबर डाग द्यायची छोटी सळई. राजाची बातमी तिला वाटेतच कळली होती. बापाला कसं तोंड दाखवायचं, हा विचार तिने वाडीच्या वेशीपाशी बाजूला ठेवला. अजून उभी असलेली गुरं वाचवायची होती.

वाडी जमलेली होती, पण पुढे कुणी येईना. गोरक्ष उरलेल्या गाईच्या पुढ्यात आडवा उभा, खाली मान घालून. साराने सळई दाखवली. “कानाला हात लावणार नाही. शिंगावर खूण करीन, माझा शब्द आहे.”

गर्दीतून गोजरबाई आपली एकुलती गाय ओढत पुढे आली. सळई तिने साराच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली.

“शिंग तासलं की तुजी खून गेली. पुढच्या वर्साला कोन टोचलंय, कोन न्हाई, काय कळायचं?” तिने गाईचा डावा कान घट्ट धरला. “कात्री काड.”

“मावशी, पण लोक म्हणतील—”

“म्हनू दे. गाय माझी हाय.” मग ती वळली आणि गोरक्षला, वाडीला, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, “देवाला न्हाई सोडली, जगायला सोडली म्हनावं!”

सारा कात्री बाहेर काढून सुई भरू लागली. गोरक्षने आपल्या गाईचं दावं सोडलं आणि तो तिला घेऊन गोजरबाईच्या मागे येऊन उभा राहिला.