पांढऱ्या शर्टातला पाहुणा

तुमची आई मुंबईच्या विमानतळावर मालाच्या विभागात नोकरीला होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. विमानात चढणारी पेटी कोणाची, ती कोणी बांधली, कोणासमोर बांधली, हे विचारल्याशिवाय ती कागदावर सही करत नसे. पण तिला त्या जागेवर बसवण्याआधी सरकारने तिच्याविषयीही अशीच चौकशी केली होती आणि उत्तर चुकीचं मिळालं होतं. फोनवर ही हकीकत सांगायला घेतली की तुमची आई मध्येच हसते, म्हणून मी, तुमची आजी, लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. विमानांत घातपात होऊ लागले होते, त्यामुळे तिथे नोकरी मिळाली तरी पोलिसांचा दाखला आल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. निवडीचं पत्र आलं होतं, दाखला यायचा होता. आम्ही हिंगणघाटला राहत होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमचे आजोबा सेलूला नोकरीला होते, ते शनिवारी येत. नोकरी पक्की होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. त्यामुळे आळीत कोणालाच काही माहीत नव्हतं.

एके दिवशी शाळेत शिपाई निरोप घेऊन आला, ठाण्यात बोलावलंय. मी मधल्या सुट्टीत गेले. टेबलामागे खाकीतला हवालदार होता, समोर तुमच्या आईचा अर्ज.

"मॅडम, पोरीनं लिहिलं आहे, दोन वर्षं नागपूरच्या वसतिगृहात होती."

"हो. एम.एस्सी.ला."

"तुमच्या आळीत चार घरी विचारलं मी. चारही घरचे म्हणतात, पोरगी एक रात्र घराबाहेर राहिली नाही. मग ही दोन वर्षं ती होती कुठं?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. आळीतली सगळी माणसं तिला सुट्टीत ट्रंक घेऊन येताना बघत होती. मी घरी जाऊन वसतिगृहाचा दाखला आणला. त्याने तो उलटसुलट करून परत दिला.

"कागद तुमच्याच घरचा. विमानाचं प्रकरण आहे, बाई. अर्जात खोटं निघालं तर नोकरी तर जातेच, पुन्हा सरकारी अर्ज भरता येत नाही. जबाब ज्यांनी दिला, त्यांनीच बदलला पाहिजे. उद्या दुपारी रिपोर्ट वर्ध्याला साहेबांकडे जातो."

आमच्या समोर एक मावशी राहायच्या. मूळच्या अल्लीपूरच्या, शेतीवाडीच्या घरातल्या. मावशी बोलतील तेच आळी बोलायची. मी सरळ त्यांच्या ओसरीवर गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, आमच्या घराची चौकशी करायला कोणी आलं होतं?"

"आलता ना एक पाव्हणा. पांढरा शर्ट, वळणाचा मानूस. पोट्टी कशी हाय, कुठं राह्यते, कोनासंग जाते, सारं इचारून राह्यला होता. तुमी त आमाले सांगतलं नाई, मास्तरीणबाई, पन आमी काय खुळे हाओ? मीनं सांगतलं, गाय हाय गाय. नागपूरले राह्यली का म्हने. मीनं म्हटलं, नाई बाप्पा, उंबरठा नाई ओलांडला तिनं. मंग बाकीच्यांलेबी सांगून देल्लं, असंच बोलजा म्हून."

सोयरिकीच्या चौकशीला कोणी आलं की मुलीचं वसतिगृह लपवायचं, ही आळीची रीतच होती. तो पाहुणा नव्हे, साध्या कपड्यातला हवालदार होता, हे मी सांगितलं. मावशींचा हात सुपातच थांबला.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर ठाण्यात चला. खरं काय ते सांगा."

"मी नाई येत. आमच्या घरची बाई ठान्याची पायरी नाई चढली कधी. माह्या नातीले पाहाले मानसं येऊन राह्यले. आजी ठान्यात गेलती म्हटलं त कोन उभं राहीन दारात?"

त्यांचं चूक नव्हतं, आणि माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता. तेवढ्यात तुमची आई मागे येऊन उभी राहिली. ती हळूच म्हणाली, "मावशी, मी नागपूरला राहिले तर बिघडले का?"

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यालेच इकडं आना. खाकीत नाई. त्याच शर्टात."

सकाळी हवालदार यायच्या आधी मी ठाण्याच्या दारात उभी होते. तो आधी चिडला, मग तोंडातल्या तोंडात पुटपुटत पांढऱ्या शर्टात यायला तयार झाला. अकरा वाजून गेले तरी तो आला नाही. तुमची आई चुलीपुढे उगाच भांडी लावत होती, काढत होती. शेवटी सायकल वाजली. पांढरा शर्ट दिसताच आळीतल्या खिडक्या उघडल्या. पाहुणा दुसऱ्यांदा आला, म्हणजे स्थळ जमतंय.

मावशींनी त्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"आंधी सांगतलं ते सोयऱ्याले सांगतलं. आता सांगतो ते सरकारले. पोट्टी दोन वर्सं नागपूरले होती."

"म्हणजे पहिल्यांदा खोटं बोलल्या तुम्ही."

"तुमी तरी कुठं सांगतलं कोन हाय म्हून? शर्ट घालून आले, आमी पाव्हणा समजलो."

त्याने लेखणी उघडली. चालचलन कशी, असं विचारलं.

"दोन वर्सं बाहेर राहून आली अन् आजबी माह्या हातचं पानी घेतल्याबिगर माह्या दारावरून जात नाई. लिहा."

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं, वर्तणूक चांगली. मावशींनी अंगठा पुढे केला नाही. "येवढंच? येवढं बोलली मी, अन् दोनच शब्द?"

"सरकारला दोनच लागतात, आजी."

मग त्यांनी अंगठा दिला. उरलेल्या तीन घरी मावशी स्वतः त्याच्यापुढे चालत गेल्या.

दाखला यायला पुष्कळ दिवस लागले. तोवर रोज पोस्टमनची वाट पाहणं आणि त्याने मान हलवणं. दाखला आला, तशी तुमची आई मुंबईला गेली. आळीत मात्र लग्नपत्रिका फिरली नाही, तेव्हा बाकीच्यांनी असंच धरलं की पाहुणा दोनदा येऊन नकार देऊन गेला. बाया मला बघून हळहळायच्या. मावशींनी तोंड उघडलं नाही. नातीचं जमायचं होतं, म्हणून मीही उघडलं नाही. तीन घरंही गप्प राहिली.

पुढे खरंच एक गृहस्थ चौकशीला आले, पांढऱ्याच शर्टात. ते तुमचे दुसरे आजोबा, तुमच्या बाबांचे वडील. मावशींनी त्यांना बाजेवर बसू दिलं नाही. उंबऱ्यातच उभं करून विचारलं, "आंधी सांगा, पोलिसातले त नाई ना तुमी?"

ते नाही म्हणाले, तरी मावशींनी त्यांना सगळं खरंच सांगितलं. नागपूरही, मुंबईही.