गार पाण्याचा ग्लास

तुरुंगात दातदुखीवर कुणाचाच विश्वास नसतो. माझाही नाही. नावड्याच्या पलीकडच्या एका तुरुंगातला दातांचा दवाखाना मी सांभाळतो. दात काढतात त्या डॉक्टर मॅडम. त्यांच्या खुर्चीत कोण बसणार, हे ठरवतो मी. मॅडम फक्त बुधवारी येतात. बाहेरच्या बाकावर वेगवेगळ्या बराकींतले कैदी शेजारी बसतात आणि एरवी ज्यांची गाठ पडत नाही ते तिथे कुजबुजतात. त्यामुळे बुधवार आला की पुष्कळांचे दात दुखायला लागतात.

खोटे गाळायला मी एक युक्ती काढली होती. फ्रिजमधलं गार पाणी द्यायचं. ज्याचा दात खरंच किडलाय तो पहिल्या घोटाला कळवळतो. जो शांतपणे पितो, तो परत बराकीत.

त्या बुधवारी जवळच्याच गावातला, खटला चालू असलेला एक पन्नाशीचा कैदी आला. त्याच गुन्ह्यातला त्याचा साथीदार आधीच बाकावर बसलेला. मी मनात म्हटलं, आलं लक्षात.

त्याने घोट घेतला, तोंडात धरला, डोळे मिटले. चेहरा सैल पडला.

"साहेब, अजून पानी हाय का?"

दारातला साताऱ्याकडचा शिपाई हसला. "पंगतीला बसलायस काय रं? मठ्ठा आणू?"

"ठनकतंय वो, साहेब. खरंच."

"दुखणारा माणूस दुसरा ग्लास मागत नाही," मी म्हणालो आणि त्याला परत पाठवला.

पुढच्या बुधवारी त्याला दोघांनी धरून आणलं. गाल सुजून डोळा झाकलेला, अंगात ताप. तरी माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की यानं हिरडीला चुना चोळला असणार.

"याला आधी का नाही पाठवलंत?" मॅडमनी विचारलं. मी पाण्याचं सांगितलं.

"अहो, नस मरायला आली की गारानं उलट बरं वाटतं. अशी माणसं तोंडात बर्फ धरून येतात माझ्याकडे. ज्यांना सगळ्यात जास्त दुखतंय त्यांनाच तुम्ही परत पाठवत होतात."

याच्याआधी शांतपणे पाणी प्यायलेले चेहरे मी आठवून पाहिले. एकही धड आठवेना. खारघरला घरी मुलगी पोट दुखतंय म्हणाली, तरी मी आधी तिच्या परीक्षेचं वेळापत्रक बघतो.

त्या दिवशी मॅडमनी पू काढला, गोळ्या दिल्या. सूज उतरल्यावर तो दात काढायला आला, तेव्हाही सवयीनं मी आधी बाकावर त्याच्या शेजारी कोण आहे ते पाहिलं. मग त्याच्यापुढे ग्लास धरला. त्याने हात पुढे केला नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"साहेब, आधी सांगा. पिलो तर आत घेनार, का नाय पिलो तर?"

शिपाई या वेळी हसला नाही.

"साधं पाणी आहे हो, गार नाही. चूळ भरा," मी म्हणालो.

त्याने ग्लास घेतला, आणि आधी त्यात बोट बुडवून पाहिलं.