पळसाच्या फुलांचा रंग

करडी गावात आमच्या घरी उन्हाळा लागला की आई पळसाची फुलं भिजत घालायची आणि सकाळी ते केशरी पाणी बाबांना द्यायची. लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणायचं आणि हे पाणी प्यायचं, सगळ्या गावाचं हेच औषध. त्या वर्षी बाबांना लघवी लालसर होऊ लागली. जळजळ नाही, कळ नाही. फुलांचाच रंग उतरतोय, अंगातली गरमी निघून चालली, असं ते ओसरीवर बसून मोठ्या समाधानाने सांगायचे. शेजारीही माना डोलवायचे.

आईला हे पटेना. पण बाबांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलं नव्हतं, म्हणून तिने वाद घातलाच नाही. फुलं सरली असं सांगितलं आणि साधं पाणी द्यायला लागली. काही दिवसांनी बाबांनीच, जरा खालच्या आवाजात, लघवी पुन्हा लाल झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते थांबलंही. बाबा खूश. आईने मात्र नागपूरला जायची पिशवी भरली.

"फुलं तं सरली. मंग हा रंग कोठचा?" एवढंच ती बोलली.

नागपूरला शिरेत औषध टोचून फोटो काढले. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी आणणारी एक बारीक नळी असते. बाबांच्या डाव्या बाजूच्या नळीत गाठ होती. कॅन्सर. डॉक्टरांनी ते मूत्रपिंड आणि सबंध नळी काढून टाकली. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो, पण हा रोग पुढे मूत्राशयात उगवू शकतो, म्हणून लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून आतून तपासून घ्यायला येत राहा, असं त्यांनी बजावलं. आम्ही बाकीचे कॅन्सर या शब्दापाशीच अडकलो होतो. आईने शेवटचं वाक्यही नीट ऐकलं होतं.

बाबा बरे झाले, भाताच्या रोवणीला चिखलात उतरले, आणि नागपूरचं नाव काढलं की त्यांना हटकून काही काम निघू लागलं. त्या दुर्बिणीचा त्यांना धाक होता. एका खेपेला तर ते हटूनच बसले.

"मले काही दुखून नाही राहिलं. कायले जायचं?"

"तवाबी दुखत नोतं," आई म्हणाली.

बाबांनी उठून टोपी घातली. त्याच खेपेला मूत्राशयात डाळीएवढी गाठ सापडली आणि दुर्बिणीतूनच काढता आली. आईचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. घरी परतताना एसटीत बाबांनी आपणहून पुढची तारीख विचारली. आईला ती पाठ होती.