फणसाचं व्हायोलिन

वाद्य माणूस घडवतो, पण त्यात नाद देव घालतो, असं माझे जामसंड्याचे शेजारी नेहमी सांगतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हाताने व्हायोलिन बनवायला घेतलं. तेव्हापासून ते दिसेल त्या लाकडावर टकटक करून कान लावतात. माझ्या दारावर टकटक झाली की मी लगेच उठत नाही. कोणी आलंय की दार तपासलं जातंय, ते आधी ऐकतो.

व्हायोलिनच्या पाठीसाठी त्यांनी परसातला फळता फणस तोडला. "फणस गेलो तो गेलो, आता निदान ह्यां वाजांदे," शेजारच्या वहिनी येता-जाता म्हणायच्या.

तारा चढवल्या त्या दिवशी अंगणात नारळ ठेवून गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, ह्या वाद्यात आवाज घाल रे म्हाराजा!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणालो. शेजाऱ्यांनी डोळे मिटून तारांवर गज ओढला. काहीच वाजलं नाही. वहिनी फणसाच्या बुंध्याकडे बघत राहिल्या.

"देवाक ऐकाक इला आसतला," मागून कोणीतरी म्हणालं, "आमकाच येवक नाय."

"गाऱ्हाण्यात कायतरी ऱ्हवला," म्हणत ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने दुसरा नारळ घेऊन आले. पुन्हा गाऱ्हाणं झालं, पुन्हा गज फिरला आणि व्हायोलिन वाजलं, तेही बऱ्यापैकी सुरात.

"फणसाच्या मानान बरां वाजता," वहिनी म्हणाल्या.

शेजाऱ्यांनी आकाशाकडे बघून हात जोडले. बोटांना राळेची पांढरी पूड लागली होती. राळ घासल्याशिवाय कोणताही नवा गज वाजत नाही.