डोळे मिटून ऐकणारी बाई

पोर बोलाया लागलं की ती बाई डोळे मिटायची. तुमी बघितली असती तर तुमाला पण वाटलं असतं, झोपली.

मी शाळेत खिचडी शिजवते. एकदा चहा घेऊन गेली तर बाईनं हातानंच थांबवलं. पोराचं झाल्यावर बोलली, "आजी, तोंड बघितलं की आपण अंदाज बांधतो. मला नुसत्या कानाला काय कळतं ते बघायचंय."

आमच्या पनवेलच्या शाळेत ती दर मंगळवारी यायची. ज्या पोरांचे उच्चार अडतात त्यांचा वर्ग घ्यायची. पण सगळ्यांना नाय घ्यायची. आधी तपासायची, मंग ठरवायची कोणाला घ्यायचं ते.

माजी नात तनू. तिला 'क' यायचा नाय, सगळीकडं 'त'. घरात आमाला कळायचं. वर्गात पोरं हसली, तवापासून हजेरीला पण नुसता हात वर करायची. मी मिठागरात उभी जिंदगी काढली, पायाच्या भेगांत मीठ गेलं तरी हूं केलं नाय. नवरा गेला, दुसऱ्या दिवशी कामावर उभी. पण हसती पोर अशी मुकी झालेली मला बघवत नव्हती.

सुनेला वाटलं, ही परीक्षाच हाय. चित्रं दाखवून नावं विचारतात, येवढं तिला कळलेलं. रोज पोरीकडून घोकून घेतलं. काकडी, केळं, कप. तपासणीला पोरीनं सगळं घडाघडा बोलून दाखवलं. सून खूश. वर्गातल्या मॅडम पण खूश. "चला, हिला बाईंच्या वर्गाची गरजच नाही."

मी सुनेला बोलली, "घे. पास केलीस ना? आता बस."

बाईनं चित्रं पिशवीत टाकली, पोरीला घेऊन माज्या शेगडीपाशी आली, फरशीवर मांडी घातली. "तनू, घरी काय गंमत झाली?"

पोरगी सुटली. "आमची तोंबडी ताल ताताच्या तपाटात बसली."

बाईचे डोळे मिटलेले. "मला 'बसली' तेवढं कळलं. कोण बसलं, कुठे बसलं?"

मी सांगितलं, कोंबडी, काकाच्या कपाटात. बाई खूप हसली. मंग बोलली, "पाठ केलेलं येतंय, मनातलं येत नाही. म्हणून वर्गात गप्प बसते. हिला घेतलं."

मॅडम बोलल्या, "ही हाय-नाय पण करते, तेही लिहा."

बाईनं माज्याकडं बघितलं. "आजी, जेवलात?"

"नाय अजून."

"बघा मॅडम. ते घरचं बोलणं आहे. त्याला उपचार नसतो."

त्या दिवशी मी बाईला खिचडी दाबून वाढली.

मंग काय, दर मंगळवारी माज्या मोरीपाशी गुळण्या. 'क' घशापाशी असतो म्हणे, गुळणी केली की पोराला ती जागा सापडते. मोरी ओली, पोरगी ओली, बाई पण ओली.

पुढच्या वर्षी बाईनं परत तपासलं. बोलली, "तनूला आता सोडते. तिची जागा दुसऱ्या मुलाला."

पोरीचं तोंड उतरलं. लगेच चालू, "आमची तोंबडी ताल..."

बाईनं डोळे मिटले, सगळं ऐकलं, मंग एक डोळा उघडला. "लबाड."

"कशावरून?" पोरगी बोलली. 'क' कसा स्वच्छ बोलली.

बाई त्याच वर्षी उरणच्या शाळांकडं गेली. जाताना खिचडी खाऊन गेली, मागं वळून बघितलं नाय. मी पण नाय बोलावलं.

सकाळी हजेरी होते तवा तनूचा आवाज शेगडीपर्यंत येतो. डाळ धुता धुता मी तेवढ्यापुरते डोळे मिटते.