गच्चीवरचं एकच यंत्र

माझे वडील, आमचे दादा, साखर कारखान्यात बॉयलरवर होते. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याचं वाया जाणारं गरम पाणी पाइपनं आमच्या कॉलनीत यायचं. थंडीत साऱ्या कॉलनीच्या आंघोळी त्याच्यावर व्हायच्या. कुणाच्या घरी बंब पेटत नव्हता.

रिटायर झाल्यावर मी त्यांना कोल्हापुरात माझ्या फ्लॅटवर आणलं. हल्ली कोल्हापूरसुद्धा लई तापतंय. बिल्डिंगमध्ये घरटी एसी आला, त्यात माझाही एक. सगळ्यांची गरम हवा मधल्या बोळात, आणि दादांची खिडकी नेमकी त्या बोळावर. भर उन्हाळ्यात खिडकी लावून बिचारे उघड्या अंगानं बसायचे. खोलीत एसी घेऊ म्हटलं की उसळायचे, "म्हंजे बोळात आनि एक भट्टी!" मी चिडायचो. हट्टी म्हातारा, दुसरं काय!

मग एकदा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. गच्चीवर एकच मोठं यंत्र. त्यातनं गार पाणी पाइपनं घरोघरी फिरवायचं, खोल्या थंड करायच्या, आणि यंत्रातनं निघणाऱ्या उष्णतेवर सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं. परदेशात अख्खी शहरं अशी चालतात हे मी वाचलेलं. दादांनी काही न वाचता काढलं.

सोसायटीच्या मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून आले. नकाशा धरून उभे राहिले, समजावून सांगितलं. कोणतरी म्हणालं, "काका, ह्यो काय कारखाना हाय व्हय?" सगळे खो खो हसले. दादांनी माझ्याकडं बघितलं. मी इंजिनिअर, माझं एक वाक्य पुरलं असतं. पण मी मोबाईल काढला आणि मूग गिळून बसलो. त्यांची लाज वाटत होती मला. कसला मी मुलगा!

जिना चढताना मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "तुला तरी पटलंतं का?"

"पटलंतं की."

"मग तोंड का उघडलं न्हाईस?"

"लोकांनी ऐकलं नसतं, दादा."

"लोकांचं सोड रं. मी तुझ्या जिवावर उभा ऱ्हायलतो."

त्याच पावसाळ्यात दादा गेले. त्यांची माफी मागायची राहूनच गेली.