विमानाचं टोपडं

आमच्या धंद्यात मॅचिंग हा देव आहे. बाई साडी घेऊन दुकानात आली की मी तिच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी साडीचा काठ बघते. अस्तर, दोरा, गळ्याची पट्टी, सगळं रंगाला रंग लागून गेलं पाहिजे. जुन्या जालन्याच्या गल्लीत मी तीस वर्षं हेच करत आले आहे. पुढच्या खोलीत ब्लाउज आणि मागच्या खोलीत जाड सुईच्या मशीनवर रिक्षांची सीट कव्हरं. माझा टाका कुणाला दिसत नाही, हा माझा तोरा. एका थंडीत या तोऱ्यानंच मला तोंडघशी पाडलं.

गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवणारी एक छोटी शाळा आहे. तिथले इंजिनियर साहेब विमानाचं उसवलेलं सीट घेऊन माझ्याकडे आले. साठीकडे झुकलेला, मोजकं बोलणारा माणूस. सीट परत नेताना दारात थबकले आणि म्हणाले, "बाई, एक टोपडं शिवून द्याल का? विमानाच्या नाकाला."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण माप घ्यायला गेले तेव्हा खरंच टोपड्याची गरज दिसली. दोन माणसं जेमतेम बसतील एवढं पांढरं विमान, इंजिन त्याच्या नाकात. थंडीच्या दिवसांत इंजिन रात्रभर गारठायचं, तेल घट्ट व्हायचं, बॅटरी जुनी. सकाळी पुढचा पंखा दोन गिरक्या घेऊन रुसायचा. ऊन चढून तो नीट फिरायला लागेपर्यंत दहा वाजायचे, आणि दहाला वारा सुटायचा. शिकाऊ मुलांना वाऱ्यात एकटं सोडत नाहीत. साहेब म्हणाले, "बर्फाच्या मुलखात याला हीटर असतो. आपली थंडी तेवढी न्हाई, पण हे इंजिन म्हातारं झालंय, त्याला कोण सांगणार?"

तिथेच मला ती भेटली. भोकरदनची, विशीतली, कानाला मफलर, हात काखेत. आठ दिवस ती पहाटे उठून यायची आणि न उडता परत जायची. तिचं एकटीनं उडणं तेवढं राहिलं होतं. वडील शाळेत मास्तर; त्यांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली होती. तोवर पोरगी एकटी उडाली तर पुढं शिकायचं, नाही तर घरी येऊन बी.एड. करायचं. फॉर्म आणून ठेवला होता म्हणे. "मावशी, तुमचं टोपडं कवा होईल?" तिनं विचारलं. पंधरा ब्लाउज अडकले होते, तरी मी परवा म्हणाले.

दोन दिवसांत शिवलं. आत जुन्या रजईचा कापूस, वरून पांढरं रेक्झिन, कडेला विमानाच्या पट्ट्यासारखी निळी गोट. साहेबांनी जाळीच्या पिंजऱ्यात एक जुना पिवळा दिवा घालून इंजिनाखाली टांगला, कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात तसा. दिव्याची ऊब टोपड्यानं धरून ठेवायची. पंख्याच्या मागं, नाकाच्या दोन बाजूंना, हवा आत जायला दोन मोठी तोंडं होती. तिथून ऊब निघून जाऊ नये म्हणून त्यांच्या मापाची दोन बुचं शिवली. फोमवर पांढरं रेक्झिन, शिवण आतून. बसवल्यावर तिथं भोक आहे हे मलाही ओळखू येईना. मी दोन पावलं मागं सरून बघत राहिले, इतकी खूश झाले.

मग मला चेव चढला. आत बसायच्या जागेतही गारवा होता, म्हणून दाराच्या फटींना नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या लावल्या. वर एका नळीतून गार वारा येत होता. तिलाही झाकण शिवायला निघाले तर साहेबांनी हात धरला.

"ते बिलकुल न्हाई. आतली गरम हवा धुराड्याच्या नळीभोवतून येती. नळीला कुठं चीर गेली तर धुरातला विषारी वायू आत येतो, अन् त्याला वास नसतो. माणूस झोपेत जावं तसा जातो. बाई, विमानात भोक उगाच ठेवत न्हाईत."

मी मान हलवली, पण मनात म्हणाले, थंडी अडवायची तर भोकं बुजवावीच लागतात, याला काय शिवणकाम कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं काम बघायला मी मुद्दाम गेले. धुकं नुकतंच विरलं होतं. मुलीनं टोपडं काढलं, उजवीकडचं बूच काढलं. पंख्याचं पातं नेमकं डाव्या तोंडासमोर उभं राहिलेलं. शिकवणारे सर घाई करत होते. ती आणि सर आत बसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पंखा एका झटक्यात फिरला. मी टाळ्या वाजवल्या. विमान धावपट्टीच्या टोकाशी जाऊन उभं राहिलं.

तिथंच ते बंद पडलं. म्हणजे तिनंच बंद केलं. साहेब धावले, त्यांच्या मागं मी. ती काचेतून गरमीच्या काट्याकडे बोट दाखवत होती. विमान उभं असतानाच काटा वर वर चालला होता. साहेब नाकापुढं वाकले आणि डाव्या तोंडातून त्यांनी माझं बूच ओढून काढलं. पांढऱ्या विमानात पांढरं बूच. पंखा हवा आत ओढत होता, त्यानं ते आणखीच घट्ट बसलं होतं. हवेत गेल्यावर इंजिन तापून बंद पडलं असतं तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"मी नीट पाह्यलं न्हाई," मुलगी म्हणाली.

"तुला दिसू नये असंच शिवलंय ते," मी म्हणाले आणि घरी आले.

साहेबांनी इंजिन उघडून तपासायला दोन दिवस घेतले. संक्रांत पाच दिवसांवर होती आणि त्यातले दोन माझ्या हातानं गेले. मला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसले. लोकांनी वाहवा केलेले सगळे ब्लाउज एका बाजूला आणि ते बूच एका बाजूला.

तिसऱ्या दिवशी मुलगी दुकानात आली. दोन्ही बुचं तिनं टेबलावर ठेवली.

"साहेबांनी पाठवलं, मावशी. इंजिन बराबर आहे. पण दुसरी करून द्या म्हणले."

"माझ्याकडनंच?"

"मंग कोणाकडनं?"

मी बुचं उचलून बाजूला ठेवली. ती समोरच्या स्टुलावर बसली. मी हातातला ब्लाउज संपवला, टाचण्या काढून मोजल्या आणि डबीत टाकल्या. ही माझी जुनी सवय. एकदा एका नवरीच्या ब्लाउजात माझी टाचणी राहिली होती आणि ती ऐन मांडवात टोचली. तेव्हापासून किती लावल्या तेवढ्या डबीत आल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जात नाही.

"हे काय करून राह्यल्या?" तिनं विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगता मलाच उमगलं. रिक्षाच्या सीटाला कुणी टाचणी लावत नाही, म्हणून मागच्या खोलीत मी कधी मोजतच नव्हते, आणि विमानाचं काम मी मागच्या खोलीत केलं होतं.

नवी बुचं मी लाल केली. भडक, लग्नातल्या शालूसारखी लाल. दोन्हींना हातभर लोंबत्या लाल पट्ट्या लावल्या आणि पंख्यावरून जाईल अशा जाड दोरीनं ती एकमेकांना जोडली, म्हणजे विसरलीच तर पंखा पहिल्याच गिरकीला त्यांना उपटून फेकील. विमानावर लावून बघितली. पांढऱ्यावर लाल, निळ्या गोटेशेजारी लाल. "कसं घाण दिसतंय," मी म्हणाले. साहेब पहिल्यांदा हसले. "आता बराबर झालं," म्हणाले.

आणि एक रीत मी घालून दिली. साहेबांनी ती मान्य केली, आणि आजही ती चालू आहे. ज्यानं बुचं काढली त्यानं दोन्ही हातांत धरून विमानासमोर लांब उभं राहायचं. आत बसलेल्यानं मोजायची, दोन बोटं दाखवायची, मगच पंखा फिरवायचा.

भोगीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मास्तर पहिल्या बसनं भोकरदनहून आले होते. खांद्याला पिशवी, तीत फॉर्म होता की नाही, मी विचारलं नाही. नमस्कार झाला. मी टोपडं काढलं, आतून कोमट वाफ हातावर आली. बुचं काढली, त्यांची दोरी सोडली. सरांनी आपल्या बाजूचं दार बाहेरून लावलं आणि ते बाजूला झाले. आत ती एकटी.

मी समोर उभी राहिले, दोन्ही हात वर. मला भीती वाटत होती, ती लपवायलाही हात मोकळा नव्हता. काचेआडून तिनं बघितलं. दोन बोटं दाखवली. पंखा फिरला.

विमान झाडांच्या वर गेलं तेव्हा मास्तर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "ताई, हे हातात काय धरून राह्यल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ते ऐकत होते आणि वर बघत होते. मग त्यांनी एक बूच माझ्या हातातून घेतलं.

एक फेरी मारून ती उतरेपर्यंत त्यांनी ते छातीशी धरलं होतं. विमान आमच्याकडे वळलं तसं मास्तरांनी ते वर उचललं, तिला दिसेल असं. मग मी माझं उचललं.